कागदांतून भेटलेले नाना शंकरशेट

स्मरणिका समितीने मला खरं तर सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायला सांगितला होता. बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातून सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार, म्हणजे याच्याकडे सगळे कागद असणारच, असा समितीचा समज. मी पंपरूमवरच्या माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. पहिल्या तीन वर्षांच्या सभांच्या इतिवृत्ताचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं होतं. वरचं पुठ्ठ्याचं कव्हर शाबूत, आत भुसा. पहिल्या वार्षिक सभेला कोण अध्यक्ष होतं, मेन्टेनन्स किती ठरला होता, पाण्याच्या टाकीवरून भांडण कोणी काढलं, सगळं त्या भुशात.

जुन्या रहिवाशांना आठवत असेल, बिल्डरने जागेचा कन्व्हेअन्स करून द्यायला किती वर्षं टाळाटाळ केली. शेवटी डीम्ड कन्व्हेअन्स मिळाला, तो काही आपल्या भाषणांमुळे मिळाला नाही. बी विंगमधल्या एका काकूंनी मंजूर नकाशाची प्रत, इंडेक्स टू आणि पैसे भरल्याच्या पावत्या साडीच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या, म्हणून मिळाला. काकू आज हयात नाहीत. त्यांचं नाव कोणत्याही ठरावात नाही.

तर सोसायटीचा इतिहास सेक्रेटरींनी याच अंकात त्यांच्या आठवणीवरून लिहिला आहे, तो वाचा. मी समितीची परवानगी घेऊन दुसऱ्याच एका माणसाबद्दल लिहितो आहे. त्याचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. निवृत्तीनंतरची माझी बरीच वर्षं त्याच्या मागे गेली. नाना शंकरशेट.

मी मूळचा गिरगावचा. गिरगावकराला नानांची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि खरी गोष्ट अशी की त्यामुळेच त्याला ते माहीत नसतात. आमच्या घरासमोरचा रस्ता जगन्नाथ शंकरशेट रस्ता. ग्रँट रोडकडे गेलं की नाना चौक. पत्त्यात नाव, बसच्या पाटीवर नाव, आता तर भुयारी मेट्रोच्या एका स्थानकालाही तेच नाव. पुढे माझी बदली फोर्टातल्या शाखेत झाली. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन आम्ही दोघं-तिघं टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. एकदा पावसाची सर आली म्हणून आत, एशियाटिक सोसायटीत शिरलो आणि समोर नानांचा संगमरवरी पुतळा. बाकीचे बहुतेक पुतळे गोऱ्या साहेबांचे. त्यांच्यात हा पगडीवाला आपला माणूस इथे कसा, हा प्रश्न तेव्हा पडला. त्याचं उत्तर शोधायला सवड मिळाली ती निवृत्त झाल्यावर.

आधी पु. बा. कुळकर्णी यांनी लिहिलेलं जाडजूड मराठी चरित्र वाचलं. मग सरकारने जुन्या शैक्षणिक दफ्तरातून निवडून छापलेले खंड, बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अहवाल, रेल्वेचे इतिहास. खजिनदाराची खोड, मूळ व्हाउचर बघितल्याशिवाय समाधान होत नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली. या माणसाने स्वतःबद्दल काय म्हटलं ते शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. पण मुंबईतली कोणतीही जुनी संस्था घ्या, शाळा, कॉलेज, रेल्वे, संग्रहालय, बाग, राजकीय सभा. तिच्या पहिल्या पानावर, कधी अध्यक्ष म्हणून, कधी वर्गणीदार म्हणून, कधी नुसता सभासद म्हणून हे नाव आहेच. नाना भेटतात ते दुसऱ्यांच्या कागदांत.

घराणं मुर्कुटे, दैवज्ञ ब्राह्मण. जन्म १० फेब्रुवारी १८०३, मुरबाडचा. म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याचेच. पूर्वज गणबाशेट अठराव्या शतकात मुंबईला आले आणि व्यापारात नावारूपाला आले. फोर्टातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव पडलं आणि साहेबांच्या जिभेवर त्याचं गनबो स्ट्रीट झालं. (आमच्या शाखेतले जुने शिपाई त्याला गनबोच म्हणत. हा बंदुकीशी संबंध नसलेला गणबा आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.) नानांचे वडील शंकरशेट यांनी टिपूविरुद्धच्या शेवटच्या लढाईच्या धामधुमीत मोठी संपत्ती मिळवली. आई भवानीबाई नाना लहान असतानाच गेल्या. मुलाला घरीच शिक्षक ठेवून शिकवलं, इंग्रजीसुद्धा. १८२२ साली वडील गेले तेव्हा नानांचं वय एकोणीस. एकोणिसाव्या वर्षी एवढी इस्टेट हातात आलेल्या मुलांचं काय होतं, ते बँकेच्या काउंटरवर बसून मी पुष्कळ पाहिलं आहे.

नानांचं तसं झालं नाही. उलट पेढीची पत अशी वाढली की अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपला पैसाअडका बँकांत न ठेवता नानांकडे ठेवत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ना केवायसी, ना नॉमिनेशन, ना ठेव विमा. समुद्रापलीकडून आलेला परक्या भाषेचा, परक्या धर्माचा माणूस आपली थैली या गिरगावातल्या शेटजीच्या हवाली करून निघून जात होता. आम्ही बँकेत आयुष्यभर पत या शब्दाचे तक्ते भरले. तो शब्द खरा असतो तेव्हा त्याला तक्ता लागत नाही.

त्याच १८२२ साली, वडील गेले त्या वर्षी, मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शाळेची पुस्तकं तयार करण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिच्या पाठीशी, सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस. तेव्हा मराठीत गणिताचं, भूगोलाचं छापील पुस्तकच नव्हतं, तर शाळा चालणार कशी? शिळाप्रेसवर पुस्तकं छापण्यापासून सुरुवात होती. नाना या कामात सुरुवातीपासून होते. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत जायला निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने निधी जमवला, सव्वादोन लाखांच्या आसपास. त्यातून इंग्लंडहून प्राध्यापक आणायचे ठरले. १८३५ मध्ये ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोघे आले आणि ज्याला आपण एल्फिन्स्टन कॉलेज म्हणतो त्याचा पाया पडला. गव्हर्नराच्या आठवणीला पुतळा उभारून मोकळं न होता शिक्षक आणणं, ही त्या पिढीची अक्कल मला आजही थोर वाटते. वर्गण्या जमवणाऱ्यांत नाना पुढे होते. वर्गणी जमवणं म्हणजे काय असतं ते गणपतीत आपल्या कमिटीला विचारा.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या कागदाकडे येतो.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचा कारभार बघायला बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. त्यात नाना होते, ते बोर्ड १८५६ मध्ये संपेपर्यंत राहिले. सोळा वर्षं एका कमिटीवर! आपल्याकडे दोन वर्षांत राजीनामे येतात. बोर्डाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. बुद्धिमान माणूस, पण त्यांचं मत असं की वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, थोड्यांना द्यावं आणि ते उत्तम द्यावं. मग ते थोडे लोक खालच्यांपर्यंत ज्ञान पोचवतील. त्यांच्या विरुद्ध उभे राहिले कर्नल जर्व्हिस. हा इंजिनिअर अधिकारी मराठी उत्तम जाणणारा. गणिताची पुस्तकं मराठीत आणण्यात त्याचा वाटा मोठा. तीन हिंदी सभासद, नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, जर्व्हिसच्या बाजूने गेले. म्हणजे एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, आणि प्रश्न लोकांच्या भाषेचा. बोर्डात उभी फूट पडली.

अशा वेळी सभासद काय करतात? गप्प बसतात, किंवा मतदानाला येत नाहीत. अध्यक्ष हायकोर्टाच्या दर्जाचा न्यायाधीश, राज्य त्यांचं, आणि नाना व्यापारी, ज्यांचं सगळं बस्तान साहेबांच्या मर्जीवर अवलंबून. नानांनी १ मे १८४७ रोजी आपलं मत लेखी दिलं. इंग्रजीत, नीट मुद्देसूद. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात चीड शोधत होतो. ती नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इंग्रजीला माझा विरोध नाही. ज्याला सवड आणि ऐपत आहे त्याने ती अवश्य शिकावी. पण उपयोगी ज्ञान या देशातल्या सर्व लोकांपर्यंत न्यायचं असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच नेता येईल, आणि त्या कामाला आमच्या भाषा इंग्रजीपेक्षा जास्त योग्य आहेत. आणि मग ते असा प्रश्न विचारतात की जो त्या बोर्डावर दुसऱ्या कुणाला सुचला नसेल: दुसऱ्या कोणत्या मार्गाने आपण आमच्या बायकामुलींपर्यंत शिक्षण नेण्याची आशा धरणार?

साल १८४७. पुण्यात जोतिराव फुल्यांची मुलींची शाळा अजून निघायची होती.

सरकारने त्या वादाचा निकाल असा दिला की दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा अर्थ काढावा. सात वर्षांनी, १८५४ मध्ये, विलायतेहून वुडचा खलिता आला. त्यात वरचं शिक्षण इंग्रजीतून आणि जनतेचं शिक्षण देशी भाषांतून असा मधला रस्ता होता. नाना जिंकले असं म्हणता येत नाही, हरले असंही नाही. पण ते टिपण दफ्तरात राहिलं, आणि पुढे छापलं गेलं म्हणून माझ्यापर्यंत आलं. तोंडी बोलले असते तर कुठे गेलं असतं?

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो. माझ्या मुलाला मी इंग्रजी शाळेत घातलं. त्यासाठी पहाटे साडेचारला रांगेत उभा राहिलो आणि प्रवेश मिळाल्यावर चाळीत पेढे वाटले. त्याचं चांगलं झालं, तक्रार नाही. आज तो परदेशात आहे. नात मराठी छान बोलते, आजीशी तासन्‌तास बोलते, पण तिला मराठी वाचता येत नाही. ही स्मरणिका तिच्या हातात पडली तर ती फोटो बघेल. नानांचा तो प्रश्न मी वाचला तेव्हा मला पेरीसाहेबाचा राग आला नाही, कारण माझ्या घरात पेरीसाहेबाचा निकाल मीच लावलेला आहे, तोही कुणी न मागता. नानांनी मात्र एक हात मराठीवर आणि एक इंग्रजीवर ठेवला होता. पुढे त्यांनी स्वतः काढलेली शाळा अँग्लो-व्हर्नाक्युलरच होती, दोन्ही भाषांची. आम्हाला दोन्हींपैकी एकच निवडायची घाई का झाली, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

असो. टिपण लिहून नाना थांबले नाहीत, हा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या तरुण मंडळींनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. शाळा काढणं ठीक, पण मुली बसणार कुठे? जागा कोण देणार? नानांनी गिरगावातल्या आपल्या आवारात जागा दिली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या काळी मुलगी पाटीपेन्सिल घेऊन बाहेर पडली की लोक काय बोलत, ते आपल्या पणज्यांनी सांगितलेलं असेल. आणि नाना काही सुधारकी थाटाचे गृहस्थ नव्हते. सोवळंओवळं पाळणारे, देवधर्म करणारे. नाना चौकाजवळची भवानीशंकराची आणि रामाची देवळं त्यांच्याच घराण्याची. टीका करणाऱ्यांना त्यांना धर्मबुडवा म्हणून बाजूला सारणं सोपं गेलं नसणार. देवळाचा मालकच आपल्या अंगणात मुलींची शाळा भरवतो म्हटल्यावर करणार काय?

रेल्वेचं मी थोडक्यात लिहितो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ठाणेकरांना तर पाठच आहे. १८४५ च्या सुमारास मुंबईत आगगाडी आणण्याची खटपट सुरू झाली त्यात सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना पुढे होते. १८४९ मध्ये जीआयपी रेल्वे कंपनी रीतसर स्थापन झाली. तिच्या पहिल्या हिंदी संचालकांत नानांचं नाव आहे. कंपनीची सुरुवातीची कचेरी नानांच्याच वाड्यात होती असं सांगतात. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली, तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि सुमारे सत्तावन्न मिनिटांत ठाणे. आज आपण सकाळच्या फास्ट लोकलने जवळपास तेवढाच वेळ घेतो, आणि सलामीऐवजी कोपर खातो.

त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट झाली. सांगलीकर विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले. ग्रँट रोडला नानांच्या आश्रयाने उभं राहिलेलं नाटकघर होतं, तिथे इंग्रजी खेळ व्हायचे. मराठी नाटकाला मुंबईत ती पायरी चढता आली त्यामागेही नाना होते. एका हाताने आगगाडी, दुसऱ्या हाताने नाटक. गिरगावकरांची नाटकाची खाज कुठून आली, हे मला त्यावरून कळलं.

आता राजकारण. २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. पश्चिम हिंदुस्थानातली पहिली राजकीय संस्था. सभेचे अध्यक्ष नाना. डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी ही तरुण मंडळी बरोबर. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती, तेव्हा पार्लमेंटकडे अर्ज करायचा: कारभार खर्चिक आहे, कायदे करणाऱ्या मंडळात इथले लोक घ्या, वरच्या जागा इथल्या लायक माणसांना द्या. आज हे सगळं फार मवाळ वाटतं. माझा धाकटा भाऊ कामगार चळवळीतला. तो नानांना साहेबधार्जिणे म्हणतो, आणि आमचा त्यावर वाद होतो. त्याचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. नानांचा इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर विश्वास होता आणि त्यांचा व्यापारही त्याच राज्यात फोफावला. बंड हा त्यांचा पिंडच नव्हता. पण काँग्रेस निघायला अजून तेहेतीस वर्षं होती. तोपर्यंत राज्यकर्त्याला लेखी जाब विचारता येतो, एकत्र बसून ठराव करून विचारता येतो, हेच कुणाला माहीत नव्हतं. संस्था, अध्यक्ष, चिटणीस, वर्गणी, ठराव, अर्ज ही सगळी चाकोरी तिथे पडली. आपली सोसायटी त्याच चाकोरीत चालते.

आणि ज्याला साहेबाचा माणूस म्हणायचं त्याच्याशी साहेब कसा वागला ते १८५७ मध्ये दिसलं. त्या जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, पहिल्या फेलोंच्या यादीत नाना. आणि त्याच वर्षी बंडवाल्यांशी त्यांचं संधान असल्याचा संशय घेतला गेला. शहरात घबराट होती. पोलीस अधिकारी फोर्जेट वेष बदलून हिंडत होता. ऑक्टोबरात ऐन दिवाळीत आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. अशा वातावरणात श्रीमंत हिंदू शेटजीचं नाव कुणी कुजबुजलं की पुरे. नानांवर पाळत ठेवली गेली, चौकशी झाली. पुरावा निघाला नाही. पस्तीस वर्षं ज्या सरकारबरोबर शाळा-कॉलेजांच्या कमिट्यांवर काढली, त्याने एका अफवेवर खातं गोठवलं, असं मी माझ्या भाषेत म्हणेन. त्या दिवसांत नानांच्या मनात काय चाललं असेल? कागदांत ते कुठे सापडत नाही. सापडतं एवढंच, की ते पुन्हा आपल्या कमिट्यांवर हजर आहेत.

मला स्वतःला नानांचं सर्वांत जवळचं वाटणारं काम मात्र फारसं गौरवलं जात नाही. सोनापूर. मरीन लाइन्सजवळची हिंदूंची स्मशानभूमी, चंदनवाडी. वस्ती वाढत गेली, धूर आणि आरोग्य यांचं कारण पुढे आलं, आणि सरकारने ती उचलून शिवडीला नेण्याचा घाट घातला. कागदावर योजना निर्दोष होती. पण गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथली माणसं तिरडी खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालणार कशी? ज्याच्याकडे घोडागाडी आहे त्याला फरक पडणार नव्हता. नानांकडे घोडागाड्या होत्या. फरक पडणार होता चाळीतल्या माणसाला. नानांनी हा प्रश्न लावून धरला, गाऱ्हाणी मांडली, सरकारला बेत सोडावा लागला. गिरगावात आम्ही लहानपणी कुणी गेला की सोनापूरला गेला असंच म्हणायचो. माझ्या वडिलांना आम्ही तिथेच नेलं, आमच्या चाळीपासून चालत, वीस मिनिटांत. वडील छापखान्यात कंपोझिटर होते. शेवटपर्यंत बोटांना शाईचा वास. त्या रात्री पाऊस होता. खांदा देणारे चाळीतलेच, कुणी धोतरात, कुणी लेंग्यात. शिवडीला जायचं असतं तर त्यातले किती आले असते आणि मी कुणाकुणाला भाड्याचे पैसे विचारत बसलो असतो? तेव्हा नानांचं नाव माझ्या मनात आलं नाही. यायला चाळीस वर्षं लागली.

शेवटच्या काही वर्षांत मान मिळत गेले. १८६१ च्या कायद्याने मुंबईचं कायदेमंडळ झालं, तेव्हा १८६२ मध्ये नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. बॉम्बे असोसिएशनच्या अर्जातली मागणी दहा वर्षांनी थोडी तरी पुरी झाली म्हणायची. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्यातलं संग्रहालय, ज्याला आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे, त्याच्या उभारणीतही भाऊ दाजी आणि डॉ. बर्डवूड यांच्याबरोबर नाना होते. संग्रहालयाची कोनशिला १८६२ मध्ये बसली. ते लोकांसाठी उघडलं १८७२ मध्ये. ते बघायला नाना नव्हते.

१८६५ च्या जुलैत मुंबईवर आभाळ कोसळलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले, शेअरबाजाराचा फुगा फुटला, लखपती लोक दिवाळखोर झाले. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना गेले. वय बासष्ट.

त्यांच्या पश्चात चिरंजीव विनायकराव यांनी विद्यापीठाकडे पैसे दिले आणि मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी अकरावी एसएससी दिली आहे त्यांना सांगायला नको. निकालाच्या दिवशी पेपरात बोर्डात पहिला कोण याच्या खाली लगेच शंकरशेट स्कॉलर कोण हे यायचं, आणि त्या मुलाच्या घरी गल्ली लोटायची. १९१२ च्या मॅट्रिकला ती मिळवली चिंतामणराव देशमुखांनी, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. आमच्या बँकेतल्या संस्कृतवाल्या लोकांना याचा फार अभिमान असे. नोटेवर सही करणारा माणूस आधी शंकरशेटांचा विद्यार्थी, असं आमचे एक मॅनेजर सांगायचे.

माझ्या वडिलांची इच्छा होती की मीही शंकरशेट व्हावं. निकालाच्या आदल्या रात्री ते छापखान्यातून उशिरा आले. निकालाचं पान त्यांच्याच हाताखालून गेलं होतं. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. त्यांनी आईला हलक्या आवाजात सांगितलं की संस्कृतात पहिली आलेली मुलगी आहे, ठाकुरद्वारच्या बाजूची. आई म्हणाली बरं झालं, आणि वडीलही हो म्हणाले. मला अठ्ठ्याहत्तर मिळाले होते.